किल्ली सिस्टीमवाल्या सरांकडे असायची

क्लस्टरवर नवा आलेला विद्यार्थी हल्ली पहिल्याच दिवशी कामाला लागतो. खाजगी रजिस्ट्रीतली इमेज हवी ना, मग आपल्या नेमस्पेसमध्ये सीक्रेट तयार करायचं, सर्व्हिस अकाउंटला जोडायचं, की पॉड उभा राहतो. कुणाला विचारायची गरजच पडत नाही.

आमच्या वेळी विचारल्याशिवाय पान हलत नसे. कंपायलर, एमपीआय, एफएफटीडब्ल्यू सगळं सिस्टीमवाले सर स्वतः कंपाइल करून एनएफएसच्या सामायिक डिरेक्टरीत ठेवायचे आणि आम्ही ‘मॉड्यूल लोड’ करून वापरायचो. नवी आवृत्ती हवी असली की चहाच्या वेळी हळूच विषय काढायचा. सर आधी विचारत, “कशासाठी हवंय?” त्या प्रश्नामुळे निम्म्या वेळा आपली गणनाच चुकीच्या वाटेने चालल्याचं कळे. परवान्याचं सॉफ्टवेअर असेल तर ते युनिक्स ग्रुपमध्ये आपलं नाव घालत. कुणाला काय दिलंय, ते त्यांना तोंडपाठ असे. ती आपुलकी मला आजही हवीशी वाटते.

२०१३मध्ये डॉकर आलं, पुढच्याच वर्षी कुबरनेटीस, आणि मधला काळ मोठा बेफिकीर गेला. पाच हजार नंबरच्या पोर्टवर साधी रजिस्ट्री, प्रत्येक नोडवर ‘इनसिक्युअर रजिस्ट्री’ची नोंद, आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड. तो प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीत बेस-६४मध्ये पडलेला. बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे. पोस्टकार्डावर मजकूर उलटा लिहावा, तेवढाच त्याचा आडोसा. नोव्हेंबर २०२०मध्ये डॉकर हबने लॉगिनशिवाय इमेज ओढण्यावर सहा तासांत शंभरची मर्यादा घातली. अख्खा क्लस्टर एकाच सार्वजनिक आयपीवरून बाहेर पडत असेल, तर शंभर कितीसे पुरणार? स्वतःची नीट रजिस्ट्री का हवी, ते तेव्हा पटलं.

आता हार्बरसारख्या रजिस्ट्रीत रोबो खातं काढता येतं: एकाच प्रकल्पापुरतं, फक्त इमेज ओढण्यापुरतं, ठरल्या तारखेला संपणारं. सीक्रेट शेजारच्या नेमस्पेसमधल्या पॉडला वापरता येत नाही. ‘इमेजपुलबॅकऑफ’ दिसलं की आधी तेच तपासावं, शिवाय सीक्रेटमधला सर्व्हरचा पत्ता इमेजच्या नावातल्या पत्त्याशी जुळतो का, तेही. कुबलेट पुन्हापुन्हा प्रयत्न करतं, पण दोन प्रयत्नांतलं अंतर पाच मिनिटांपर्यंत वाढत जातं.

सर निवृत्त झाले, तेव्हा कोणती परवानगी कुणाला होती हे सांगणारं कुणी उरलं नाही. म्हणून आजची पद्धत मी निःसंशय चांगली मानतो. तुमच्या क्लस्टरवर अजूनही कुणा एकाचा वैयक्तिक पासवर्ड सीक्रेटमध्ये बसलेला असेल, तर तो याच आठवड्यात काढा आणि मुदतीचं रोबो खातं लावा. आणि नव्या मुलांना ‘कशासाठी हवंय?’ हे मात्र विचारत राहा.