ओझ्याची वाटणी

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल पाहताना आबा आधी त्याचे दात पाहत नसत. धन्याला सांगून त्याला दहा पावले चालवून घेत. दातांवरून वय कळते, चालीवरून बैल कळतो, असे त्यांचे मत होते. लहानपणी त्यांच्यामागून आम्ही तो बाजार हिंडलो ते केवळ भेळेच्या आशेने, त्यामुळे बैलही कळला नाही आणि चालही. पुढे आम्ही पुण्यास येऊन मराठी शिकवू लागलो. धाकटा भाऊ गावी राहिला.

हे सारे आठवण्यास एक मोटार कारण झाली. भावाचा मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. त्याने व त्याच्या मित्रांनी मिळून एका माणसाची, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी बांधली आहे. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर विद्यार्थ्यांच्या अशा गाड्यांची स्पर्धा भरते. तिच्यातील एक परीक्षा म्हणजे ऑटोक्रॉस. डांबरी पट्ट्यावर रबरी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकू पडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. वाट अरुंद आणि वळणे एकामागून एक; इंजिनाच्या बळापेक्षा गाडी वळते कशी, यावरच येथे निकाल लागतो.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी एका मोकळ्या वाहनतळावर त्यांचा सराव होता. नातवाची गाडी पाहायची म्हणून आबा आणि भाऊ पहाटेच काष्टीहून निघून आले होते. गाडी सुटली, पहिली दोन वळणे नीट गेली. तिसऱ्याला मात्र पुढची चाके वळूनही गाडी सरळच घसरत राहिली आणि तिने दोन शंकू उडवले. पुतण्या म्हणाला, "अंडरस्टिअर." आबा खुर्चीतून म्हणाले, "तोंड वळंना तिचं. पुढं जड झालीय. वझं मागं सरकवा."

आबांचे निदान गाडीवानाचे होते. उसाच्या मोळ्या रचताना ओझे आसाच्या मागे फार गेले तर गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते आणि जोत्यांनी बैलांचे गळे आवळतात. ओझे पुढे फार आले तर जू मानेवर बसते आणि खांदा सोलतो. वर्गात 'उलाळ' हा शब्द आला की मुले आमच्याकडे पाहतात, आणि आम्ही अर्थ सांगून पुढे जातो. तो शब्द ज्याच्या हाताला ठाऊक आहे असा माणूस आमच्याच घरात आहे, हे त्यांना सांगावेसे आम्हाला कधी वाटले नाही. मोटारीच्या शास्त्रातही आबांच्या रीतीला आधार आहे. मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने १९३२ साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत एका मोठ्या मोटारीला पुढे-मागे सरकवता येतील अशी वजने लावली होती आणि बैठकीचा गुण कशाने बदलतो ते पडताळले होते.

पुतण्याने मात्र मान हलवली. "आबा, इंजिन आहे तिथंच राहणार. आणि वळणात ओझं आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं, ते किती जाणार हे स्प्रिंगांनी ठरत नाही." मग तो आम्हालाही समजेल अशा बेताने सांगू लागला. किती ओझे बाहेर लोटले जाईल हे गाडीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. ते टाळता येत नाही. त्यातले किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या, एवढेच आपल्या हाती असते. जी बाजू ताठ, ती अधिक सोसते. टायरवरचे ओझे दुप्पट केले तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या जोडीत ओझे एकाच चाकावर फार लोटले जाते, त्या जोडीची मिळून पकड घटते. पुढची पकड हवी असेल तर मागचा अँटी-रोल बार ताठ करायचा.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. "म्हंजी मागल्यानं सोसायचं, तवा पुढला वळायचा."

"बरोबर."

"मग हे जुवावानी झालं." आणि त्यांनी हवेतच बोटांनी जू धरून दाखवले. जोडीत एक बैल दमदार आणि एक कच्चा असला, तर धुरेची गाठ जुवाच्या मध्यावर न बांधता दमदार बैलाकडे दोन बोटे सरकवायची. कच्च्याची बाजू लांब होते, त्याच्या वाट्याचे ओझे हलके होते. एकूण ओझे तेवढेच, वाटणी बदलते.

मुलांनी मागचा बार एका खाचेने ताठ केला. पुढचे तोंड वळू लागले. दुसरी खाच वाढवली तेव्हा मागची चाके सुटली, गाडी गिरकी घेऊन उलट तोंडाने उभी राहिली आणि सगळे हसले. ती खाच त्यांनी परत घेतली. मग टायरांतली हवा थोडी कमी करून पाहिली, त्यानंतर शॉक अॅब्सॉर्बर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा हे कळत नाही, असे पुतण्याने सांगितले. संध्याकाळपर्यंत वेळ सव्वा सेकंदाने उतरली.

आमचे लक्ष मात्र त्या दोन बोटांवर अडकले होते. १९८६ साली भाऊ दहावी झाला, तेव्हा आम्ही पुण्यात खोली घेऊन शिकत होतो. घरी जमीन बेताची, आबांची कंबर धरलेली. भावाने शाळा सोडली आणि गाडी जुंपली. त्या हंगामापासून उसाच्या पैशांतून आमची खानावळ भागली. आम्ही मात्र इतकी वर्षे लोकांना सांगत आलो की त्याला शिकण्याची आवड नव्हती. हे वाक्य आम्ही इतक्यांदा म्हटले आहे की ते कोणी रचले याचा आम्हालाच विसर पडला. गाठ आमच्याकडून त्याच्याकडे सरकवली गेली होती, आणि तो दमदार होता म्हणूनच सरकवली गेली होती.

अंधार पडू लागला तसा भाऊ शंकू गोळा करू लागला. आम्हीही गेलो. एकात एक शंकू बसवता बसवता आम्ही विचारले, "दहावीला किती मार्क होते रे तुला?"

"बासष्ट टक्के," तो म्हणाला. "तुझ्यापरीस चार जास्त."

त्याला आमचेही ठाऊक होते. आम्हाला त्याचे विचारण्याची गरज जवळजवळ चाळीस वर्षे वाटली नव्हती.