गोल मैदान ते कूपरेज

उल्हासनगरात गोल मैदान नावाची जागा आहे. गोल म्हणजे वाटोळे. आकारावरून पडलेले साधे नाव. पण माझा भाचा लहान असताना त्याला वाटायचे, इथे फुटबॉलचे गोल होतात म्हणून हे गोल मैदान. आम्ही कॅम्प २ मध्ये राहतो. तिथून हे मैदान पायी जाण्यासारखे आहे. भाचा आता पंधरा वर्षांचा झाला, दहावीत आहे, आणि त्याचे मन अजूनही त्याच 'गोल'भोवती फिरते.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी दोन गोष्टी आल्या. एक लाल जर्सी, छातीवर ड्रॅगनचे चिन्ह असलेली. वेल्स नावाच्या छोट्या देशातल्या रेक्सहॅम क्लबची. गजानन मार्केटच्या बाजूला एका हातगाडीवरून त्याने ती घेतली होती. अस्सल नव्हे, हे सांगायला नको. आमच्या गावाची ख्याती वाचकांना ठाऊक असेलच. 'मेड इन यूएसए'चा इथला अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आम्ही स्वतःच पाहुण्यांना सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एक कागद. मुंबईतल्या एका फुटबॉल प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीचा. त्यावर वडिलांची सही हवी होती. दुल्हाभाईंच्या कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवण्याच्या चार मशिनी आहेत. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारले, "फुटबॉलने पोट भरते का?" घरात दोन दिवस अबोला. मग आपाने मला बोलावले. "तू शिकलेला आहेस. एक तर त्याला समजव, नाही तर ह्यांना."

कोणाला समजवायचे हे मलाच उमगेना. शेवटी म्हटले, सही नंतर बघू. येत्या रविवारी पोराला कूपरेज दाखवून आणतो.

रविवारी सकाळी आम्ही नेहरू चौकातून रिक्षा केली. जर्सी अर्थात अंगात होतीच. रिक्षातून जाताना मी त्याला गावाची जुनी गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, म्हणून आजही आपण पत्ता सांगताना 'कॅम्प' म्हणतो. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना या छावणीच्या बराकीत ठेवले. एकेका लांबलचक बराकीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून कित्येक कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. ज्यांचे सगळे मागे राहिले होते, त्यांनी पापड लाटून, कपडे शिवून, फर्निचर बनवून हे गाव उभे केले. नंतर आमच्यासारखे लोक पोटासाठी आले. माझे अब्बा इथे आले तेव्हा त्यांना पहिले काम एका सिंधी शेठच्या दुकानात मिळाले होते.

"म्हणजे आपले सगळे गाव बाहेरून आलेल्यांचे?" भाच्याने विचारले.

"बहुतेक. आणि वेल्समध्येही एक क्लब आहे, त्याचे टोपणनावच 'निर्वासित' आहे."

गाडीत बसायला जागा मिळाली. मेगाब्लॉकमुळे ती रखडत चालली होती, म्हणून गोष्टीला वेळही मिळाला. न्यूपोर्ट काउंटी हा तो क्लब. १९८९ मध्ये कर्जापायी तो बंद पडला. त्याच वर्षी चाहत्यांनी तो नव्याने सुरू केला, पण आपल्या गावात मैदान मिळेना. मग हद्द ओलांडून इंग्लंडमधल्या एका लहान गावात जाऊन खेळावे लागले. तेव्हापासून हे 'निर्वासित'. एकेक पायरी चढत २०१३ मध्ये ते पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये आले.

मग त्याच्या अंगावरच्या जर्सीकडे वळलो. रेक्सहॅम दोन सिनेनटांनी विकत घेतला आणि २०२३, २०२४, २०२५ असा सलग तीन वर्षे तो वरच्या श्रेणीत गेला, एवढे त्याला पाठ होते. त्याआधीचे मात्र ठाऊक नव्हते. हा क्लब १८६४ चा. हिवाळ्यात खेळायला काहीतरी हवे म्हणून तिथल्या क्रिकेटवाल्यांनी तो काढला. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. २२ सप्टेंबर १९३४ च्या पहाटे जवळच्या ग्रेसफोर्डच्या खाणीत स्फोट झाला आणि २६६ माणसे मेली. त्या दिवशी दुपारी रेक्सहॅमचा सामना होता. तो बघता यावा म्हणून कित्येक कामगारांनी आदल्या रात्रीची पाळी मागून घेतली होती. बहुतेकांचे मृतदेह वर आलेच नाहीत.

भाचा खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्याने जर्सीच्या ड्रॅगनवरून बोट फिरवले.

"२०११ मध्ये हाच क्लब बुडायला आला होता," मी म्हणालो. "तेव्हा गावच्या लोकांनी वर्गणी काढून तो आपल्या हातात घेतला. जवळजवळ दहा वर्षे चालवला. नटांनी घ्यायचा ठरवला तेव्हाही सभासदांचे मतदान झाले. ९८ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटले, मगच विक्री झाली. नट शेवटी आले. तोवर क्लब जिवंत ठेवला तो गावाने."

सीएसएमटीला उतरून आम्ही जवळच्या मशिदीत जोहर पढलो आणि हुतात्मा चौकावरून चालत निघालो. ओव्हल मैदानावर नेहमीसारखे क्रिकेट चालू होते. एकाच्या पॉइंटवर दुसऱ्याचा यष्टिरक्षक. मैदानाच्या दक्षिण टोकाला बॅण्डस्टँडची बाग आणि तिला लागूनच कूपरेज. कूपर म्हणजे लाकडी पिंपे करणारा कारागीर. त्यांच्या कारखान्यावरून हे नाव पडले. पिंपे गेली, नाव राहिले.

दोन स्थानिक संघांचा सामना चालू होता. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. प्रेक्षक शंभरभर असतील. निम्मे खेळाडूंचे भाऊ आणि मित्र. हिरवळ आता कृत्रिम आहे. भाच्याला ती फार आवडली. मला मात्र न दिसणारी माणसे आठवत होती.

मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला. सुरुवातीची कित्येक वर्षे तो गोऱ्या पलटणींकडेच जात राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा संघ तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात त्याच बंगलोर मुस्लिम्सना हरवून कप नेला. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला.

"आणि मुंबईचे संघ?" भाच्याने विचारले.

मुंबईचे संघ कंपन्यांचे होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल, एअर इंडिया, रेल्वे. चांगला खेळणाऱ्याला नोकरी मिळे. सकाळी सराव, मग कामावर हजेरी, महिन्याला पगार. दुल्हाभाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या काळी 'हो, भरते' असे होते. गिरण्या गेल्या तशी ती उत्तरेही गेली.

त्यातला सर्वांत मोठा झालेला संघ महिंद्रचा. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून सुरू झाला, पुढे महिंद्र युनायटेड झाला. २००५-०६ च्या मोसमात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि फेडरेशन कपही. राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा तो एकमेव संघ. कलकत्ता आणि गोव्याच्या बलाढ्य संघांना मागे टाकून मिळवलेले हे यश होते. आणि चार वर्षांनी, २०१० मध्ये, संघ बंद झाला. कंपनीने शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे वळायचे ठरवले. निर्णय कंपनीचा, संघही कंपनीचा. त्यात कायद्याने कोणाचे काही चुकले नाही.

२००७ मध्ये मुंबई एफसी नावाचा दुसरा व्यावसायिक क्लब निघाला होता. तो दहा वर्षे टिकला. २०१७ मध्ये आय-लीगमध्ये शेवटचा आला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि त्याचेही दार बंद झाले. आज मुंबई सिटी आहे, तिने इंडियन सुपर लीगही जिंकली आहे. पण महिंद्र युनायटेडचे चाहते मतदान करू शकले नाहीत, वर्गणी काढू शकले नाहीत. त्यांना कोणी विचारलेच नाही, कारण ते कुठल्याच वहीत सभासद नव्हते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने जो प्रश्न केला तो मी विसरणार नाही. "मामू, महिंद्र युनायटेडची जर्सी आपल्याकडे मिळेल?"

मी हसलो आणि मग माझे हसू विरले. उल्हासनगरात कशाची नक्कल मिळत नाही? सात समुद्रांपलीकडच्या खाणकामगारांच्या क्लबची मिळते. पण तासा-दीड तासावरच्या मुंबईतल्या, देशात पहिल्या आलेल्या संघाची नक्कलदेखील कोणी करत नाही. मागणी नाही तर माल नाही. ज्याची कोणी नक्कलही करत नाही, तो खरोखर विसरला गेला.

परतीच्या गाडीत मी त्याला खालिद जमील यांच्याबद्दल सांगितले. जन्म १९७७ चा, कुवेतचा. आखाती युद्धाच्या धामधुमीत कुटुंब भारतात आले. म्हणजे तेही एका अर्थी उखडून आलेलेच. महिंद्रकडून खेळले, एअर इंडियाकडून खेळले. कलकत्त्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांनी बोलावले, पण त्यांच्या जर्सीवर दारूच्या कंपनीचे नाव होते म्हणून ते गेले नाहीत. मुंबई एफसीत आले तर दुखापतींनी खेळणे संपले. मग २००९ पासून सात वर्षे त्याच क्लबचे प्रशिक्षक राहिले. पैसा थोडा, नावाजलेले खेळाडू थोडे, पण त्यांच्या काळात संघ कधी खाली घसरला नाही. २०१६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरामच्या ऐझॉल या छोट्या क्लबकडे गेले. ज्या मोसमात मुंबई एफसी शेवटची आली, त्याच मोसमात ऐझॉल आय-लीग जिंकून पहिला आला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हेच खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

"म्हणजे क्लब बंद झाला तरी माणूस बंद होत नाही," भाचा म्हणाला.

"नाही होत. पण माणसाकडे क्लबशिवाय आणखी काहीतरी लागते. त्यांच्याकडे धीर होता, शिकवण्याचा हुन्नर होता. तुझ्याकडे काय असेल?"

रात्री जेवायला बसलो तेव्हा दुल्हाभाईंनी मला विचारले, "मग? काय समजावले?"

मी खरे तेच सांगितले. म्हटले, तुमचा प्रश्न बरोबर आहे. मुंबईत व्यावसायिक क्लब आले आणि गेले. त्यांच्या भरवशावर पोराचे आयुष्य लावता येणार नाही. दहावी, बारावी चुकवायची नाही. पण चाचणीला जाऊ द्या. नापास झाला तर एक दिवस गेला. पास झाला तर बारावीपर्यंत त्याला धड शिकवणारे कोणीतरी मिळेल. आणि तुमच्या मशिनी कुठे पळून जात नाहीत.

दुल्हाभाईंनी भाताचा घास संपवला. "त्या जर्सीची शिलाई बघितली का? खांद्यावर उसवतेय," ते म्हणाले. आपाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. दुसऱ्या दिवशी कागदावर सही होती आणि जर्सीच्या खांद्यावर दुहेरी टीप.

चाचणी व्हायची आहे, दुआ करा. पण गोष्ट तिथेच थांबली नाही. गल्लीतली चौदा पोरे मिळून खेळतात; त्यांत आमची आहेत, सिंधी आहेत, मराठी आहेत. दरवर्षी दहावी झाली की संघ फुटतो आणि चेंडू कोणाच्या तरी माळ्यावर जातो. या वेळी भाच्याने एक वही आणली. पहिल्या पानावर सभासदांची नावे, दुसऱ्यावर जमाखर्च. वर्गणी महिना वीस रुपये. चेंडू, पंप आणि शिट्टी संघाच्या मालकीची, कोणा एकाची नाही. खेळणे सोडले तरी सभासदत्व सुटणार नाही, हा नियम त्याने स्वतः घातला. वीस रुपये देऊन मीही सभासद झालो. खजिनदार म्हणून दुल्हाभाईंचे नाव सुचवले गेले आहे, त्यांनी अजून नाही म्हटलेले नाही.

संघाचे नाव मात्र ठरत नाही. रोज भांडण होते. परवा एका सिंधी पोराने 'कॅम्प २' एवढेच ठेवू या, असे सुचवले. आत्ता तरी सगळ्यांत जास्त मते त्यालाच आहेत.