उकिडवे बसणारे मूल

लहान मुलास आपले दुखणे शब्दांनी सांगता येत नाही. तथापि त्याचे शरीर ते नित्य सांगत असते. पाहणाऱ्याने मात्र नीट पाहिले पाहिजे.

आमच्या आळीत पाच वर्षांचा एक मुलगा असे. थोडे धावला की तो खेळ सोडून उकिडवा बसे व काही वेळाने पुन्हा उठे. वडील माणसे त्यास आळशी म्हणत. त्याचे ओठ जांभळट दिसत, त्याचीही थट्टा होई. सन २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत तपासणीस आले, तेव्हा त्यांनी त्याची जीभ व नखे पाहून त्याच्या मातोश्रींस बोलावून घेतले. मुलाच्या हृदयात जन्मतःच व्यंग होते! पुढे शस्त्रक्रिया झाली, आणि आज तो आम्हांबरोबर धावतो.

ह्या व्यंगाचे वर्णन फालो नामक फ्रेंच वैद्याने १८८८ साली केले. यात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र असते व फुप्फुसांकडील वाट अरुंद असते. त्यामुळे अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते. उकिडवे बसल्याने पायांकडील रक्तप्रवाहास अडथळा होऊन अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. हा उपाय मूल कोणी न शिकविता आपणच शोधते! १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे अशा मुलांवर नवी शस्त्रक्रिया सुरू झाली. तिची कल्पना डॉ. हेलन टॉसिग ह्या विदुषींची. त्यांस ऐकू कमी येई. म्हणून त्या बालकाच्या छातीवर बोटे ठेवून हृदयाची परीक्षा करीत.

सुमारे शंभर बालकांत एकाच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. तान्ह्या मुलांतील खुणा अशा: दूध पिताना धाप लागून वारंवार थांबणे, कपाळास घाम सुटणे, वजन न वाढणे, झोपेतही श्वास जलद चालणे, न्युमोनिया पुनःपुन्हा होणे. थंडीने तान्ह्याचे हातपाय निळसर होतात, त्याचे फारसे भय नाही. परंतु ओठ व जीभ निळी दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. प्रत्येक खूण म्हणजे हृदयविकारच असे नव्हे. पण तो निर्णय डॉक्टरांनी करावा, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे.

आमच्या बालमित्रांस इतकीच विनंती की, खेळता खेळता जो सोबती वारंवार थकून बसतो, त्यास हसू नये. गुरुजींस व त्याच्या घरी अवश्य कळवावे.