ढगांखालचा सडा

केरळातल्या नारळांच्या मुळांना रोग लागला होता. 1970 च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी अवरक्त प्रकाश टिपणारी फिल्म कॅमेऱ्यात भरली आणि हेलिकॉप्टरमधून त्या बागांचे फोटो घेतले. रोगट माडांचे शेंडे निरोगी शेंड्यांपेक्षा वेगळ्या रंगाचे उमटले. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालकही पिशारोटीच. पुण्यात जिओइन्फर्मॅटिक्स शिकायला आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट लवकरच कळते. मलाही कळली, आणि या विषयाची गोडी लागली ती तिच्यामुळे.

त्या प्रयोगामागचं विज्ञान अवघड नाही. ताजं हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. परतलेला अवरक्त आणि परतलेला लाल प्रकाश मोजायचा; या दोन आकड्यांमधल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की ‘एनडीव्हीआय’ मिळतो. दाट हिरवळीसाठी तो एकाकडे झुकतो, उघड्या मातीसाठी शून्याजवळ राहतो, पाण्यासाठी बहुधा त्याच्याही खाली उतरतो. युरोपच्या सेंटिनेल-2 मालिकेचे उपग्रह 786 किलोमीटर उंचीवरून प्रकाशाच्या तेरा पट्ट्यांत ही मोजणी करतात. त्यांतल्या चार पट्ट्यांत जमिनीचा 10 मीटर बाय 10 मीटरचा तुकडा म्हणजे चित्रातला एक चौकोन, एक पिक्सेल. दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतात आणि त्यांची चित्रं कोणालाही फुकट मिळतात. 1972 पासून चालू असलेल्या अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेचा साठाही 2008 पासून सर्वांना खुला आहे. तालुक्याच्या गावातला विद्यार्थीही आज आपल्या गावाचा अनेक वर्षांचा इतिहास बसल्या जागी उलगडू शकतो. ही फार मोठी गोष्ट आहे.

मी प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यातले सडे निवडले. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं पठार. वरवर पाहिलं तर नुसता काळपट कातळ. त्यावर जमीनवापराचा नकाशा करायचा होता: जंगल कुठे, बाग कुठे, भात कुठे, उघडा खडक कुठे. संगणकाला प्रत्येक वर्गाचे नमुने दाखवायचे आणि उरलेले चौकोन त्याने ओळखायचे, अशी पद्धत. चित्र निवडताना सगळे पाहतात तेच पाहिलं, ढग किती आहेत ते. जानेवारी ते मार्चची चित्रं आरशासारखी स्वच्छ होती. त्यांत सडे राखाडी आणि तपकिरी दिसले, मधूनमधून गवत जाळल्याचे काळे डाग. संगणकाने ते सगळे ‘ओसाड खडकाळ’ या खान्यात टाकले. त्याचं काही चुकलं नव्हतं. उन्हाळ्याकडे झुकलेला सडा ओसाडच दिसतो.

मग पडताळणीसाठी सड्यावर जायचं ठरलं. या कामाला ‘ग्राउंड ट्रुथ’ म्हणतात. हातात जीपीएस आणि छापलेला नकाशा घेऊन चौकोन गाठायचा, तिथे खरोखर काय आहे ते लिहायचं. पायांत जाड बूट हवेतच, कारण सुट्या दगडांखाली फुरसं असतं. गुरं घेऊन आलेल्या एका आजींनी आमचं काम बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “आता काय बघता गो, पोरींनो? श्रावणात या. तेव्हा गुरं कुठे चरतात ते बघा.”

आम्ही पावसात गेलो. कातळाच्या खोलगट भागांत पाणी साचलं होतं. जिथे बोटभर माती होती तिथे गवत उगवलं होतं, गेंदाची पांढरी बोंडं डोलत होती, ओल्या खडकाला चिकटून कीटक खाणाऱ्या ड्रॉसेराची लालसर रोपं होती. पाण्यात बेडकांची पिल्लं. कुठे कुठे सड्यावरच्या मातीच्या पट्ट्यात भात लावलेला. पाऊस सरला की यातलं बहुतेक दिसेनासं होतं, बी आणि कंद मातीत दडून राहतात. जगात इतर कुठेही न आढळणाऱ्या काही वनस्पती याच कातळांवर वाढतात. आणि नेमक्या याच महिन्यांत सेंटिनेल-2 ला इथे ढगांचं पांढरं पांघरूण दिसतं. ज्या काळात सडा जिवंत असतो त्या काळाची चित्रं आपण ढगांमुळे बाजूला टाकतो, आणि उरलेल्या महिन्यांवरून त्याला नापीक ठरवतो.

वाट दोन बाजूंनी निघाली. गणपतीच्या सुमारास एखादा दिवस आभाळ उघडतं. जुन्या वर्षांची चित्रं चाळताना सप्टेंबरची मोजकी, अर्धवट ढगाळ चित्रं सापडली. त्यांत मार्चमधला ‘ओसाड खडक’ हिरवा होता. दुसरी वाट रडारची. सेंटिनेल-1 साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी स्वतः पाठवतो आणि परत आलेल्या मोजतो. त्यांना ढग आडवे येत नाहीत, रात्रही चालते. शांत पाण्यावरून लहरी दुसरीकडे निसटतात, म्हणून पाणी काळं दिसतं. सांगली-कोल्हापूरकडचा 2019 चा पूर ढगांखाली असताना असाच पाहता आला. सड्यावरची मोठी तळी रडारमध्ये ओळखू आली. लहान डबकी, जिथे बेडूक असतात ती, एका चौकोनाहूनही लहान असतात, म्हणून नाही आली.

आकाराची ही मर्यादा सड्यावर फार जाणवते. कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. एवढा मोठा हत्ती सेंटिनेलच्या चित्रात दोन-चार चौकोनांत संपतो आणि लँडसॅटच्या 30 मीटरच्या एका चौकोनात अख्खा बसू शकतो.

नकाशातल्या वर्गाला एवढं महत्त्व का द्यायचं, हे सड्यावर फिरताना स्पष्ट दिसतं. सुरुंग लावून कातळात खड्डे पाडतात, बाहेरची माती भरतात, आंब्याची कलमं लावतात, भोवती जांभ्याचा गडगा घालतात. शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे आणि त्याला दोष देणं मला पटत नाही. पण मोजणीत काय होतं ते पाहायला हवं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी देशाचं वनाच्छादन उपग्रहचित्रांवरून मोजते. एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांचं छत्र दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती जागा वनाच्छादनात धरतात. जमीन कोणाची, झाडं कोणती, हे त्यात पाहत नाहीत. अहवालात ही व्याख्या उघडपणे दिलेली असते. तिच्यानुसार कलमं वाढली की तोच सडा हिरव्या खात्यात जमा होतो, आणि गेलेल्या कातळाची नोंद कुठेच होत नाही, कारण आधीच्या नकाशात तिथे ओसाड जमीन होती.

म्हणून प्रकल्पात सड्याचा वेगळा वर्ग केला आणि तो ठरवण्याची अट लिहिली: मार्चचं एक चित्र, सप्टेंबरचं एक आणि मधल्या महिन्यांची रडारची चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याही चौकोनाला ‘ओसाड’ म्हणायचं नाही. नकाशाच्या कोपऱ्यात प्रत्येक चित्राची तारीख टाकली. आमच्या मॅडमनी पुढच्या तुकडीला याच अटीवर देवगड तालुक्यातले सडे वाटून दिले आहेत, आणि त्यांची पहिली पडताळणी जुलैत ठेवली आहे.