हाक

टर्कीच्या वासंतिक शिकारीत पाठलाग नसतो, हाक असते. पेनसिल्व्हेनियात मे महिन्यात, उजाडण्यापूर्वी, मित्राच्या कुटुंबासह आम्ही ओकच्या बुंध्यांना टेकून निश्चल बसतो. मित्र पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढतो. एरवी मादीच नराकडे जाते. येथे नराने यावयाचे असते, म्हणून तो बहुधा येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी अमेरिकेतून नाहीसा होत चालला होता. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी राखला गेला. शिकाऱ्यांच्या पैशाने रान पुन्हा बोलते झाले, हे खरे. तरीही पिसारा फुलवून तो येतो, तेव्हा प्रणयाच्या हाकेने त्याला मृत्यूकडे बोलावल्याची बोच उरतेच. मुलांच्या हाती बंदूक देण्यापूर्वी ही बोच त्यांना जाणवते की नाही, हे आम्ही पाहतो.