चिठ्ठीआधी पाठ

२००९चा जून. बी.एड. होऊन दोन वर्षं घरीच होतो. वडील म्हणाले, "शिरूरच्या सरांना भेट. त्यांचा शब्द संस्थावाले मोडत नाहीत." आमचं गाव दौंड तालुक्यातलं, उसाचं आणि गुऱ्हाळांचं. चौफुल्याहून निघून पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला की शिरूर तालुका लागतो. पुढं न्हावरे आणि मग शिरूर, जुन्या माणसांची घोडनदी. पिशवीत प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आणि एक अर्ज होता.

सर निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी अर्ज वाचला. 'घरची परिस्थिती बेताची' आणि 'आपला कृपाभिलाषी' यांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. "यात मराठी शिकवणारा कुठंय?" मला उत्तर सुचेना. "बरं, गुऱ्हाळावरच्या पोराला क्रियापद शिकवून दाखव."

ओसरीवरच सुरू केलं. चरकात ऊस गाळला. काहिलीत रस उकळला. मळी काढली. गूळ झाला. काम सांगणारा शब्द झाकून वाक्य वाचायचं. ते अधुरं राहिल्याचं मुलाच्या कानाला कळतं. व्याख्या नंतर.

"'झाला'मध्ये कुणी काय काम केलं?" सरांनी विचारलं. मी थांबलो. नुसतं 'काम' सांगितलं तर 'झाला', 'आहे' निसटतात. वाक्य पुरं करणं हा क्रियापदाचा खरा धर्म, आणि तो माझ्याच उदाहरणात होता. मी पाठ पुन्हा घेतला.

सरांनी चिठ्ठी लिहिली : 'याचा पाठ ऐकला आहे. चूक दाखवली की सुधारतो.' माझ्या गरजेबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या चिठ्ठीवर मला तासिका तत्त्वावर पहिला वर्ग मिळाला.

डिसेंबर २०१७मध्ये शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी झाली, पाठोपाठ पवित्र पोर्टल आलं. तरी खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे, म्हणून मुलं-मुली आता माझ्याकडे चिठ्ठी मागायला येतात. मी त्यांच्या हाती खडू देतो. रांजणगावच्या कारखान्यांमुळे वर्गात घरी हिंदी बोलणारी मुलं आहेत. हिंदीत नपुंसकलिंग नाही. 'ती वही', पण 'ते पुस्तक' का, हे त्या मुलांना न रागावता, पुन्हापुन्हा बोलतं करून जो शिकवतो, त्याच्यासाठी मी आनंदानं लिहितो.

ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यांना एकच विनंती : उमेदवाराची परिस्थिती ऐकाच, पण सही करण्याआधी त्याचा एक पाठही ऐका. त्या चिठ्ठीवर पुढं वर्गभर मुलांचं वर्ष अवलंबून असतं.