भर समारंभात ‘अल्लाहू अकबर’

लोकलमध्ये फोन आला की आमचा आवाज आपोआप खाली येतो. पलीकडून ‘अस्सलामु अलैकुम’ ऐकू येते आणि आम्ही ‘हं, बोला’ म्हणून मोकळे होतो. कुणी काही बोललेले नसते, तरीही. म्हणूनच रामी युसूफ या अमेरिकन अभिनेत्याची एक चित्रफीत आम्ही घरी पुन्हा पुन्हा पाहिली.

५ जानेवारी २०२० चा गोल्डन ग्लोब समारंभ. विनोदी मालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून त्याचे नाव पुकारले गेले. मंचावर येताच त्याने अल्लाहचे आभार मानले आणि ‘अल्लाहू अकबर’ म्हटले. हॉलिवूडच्या किती चित्रपटांत हे शब्द स्फोटाच्या आधी ऐकवले जातात! इथे ते शुक्र म्हणून आले. मग हसत तो म्हणाला की, आपली आईसुद्धा मायकल डग्लसच जिंकावा म्हणत होती!

रामीचे आईवडील इजिप्तचे. त्याचा जन्म १९९१ मध्ये न्यूयॉर्कला झाला आणि बालपण न्यू जर्सीत गेले. २००१ मध्ये जुळे मनोरे कोसळले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे ‘सी डॅड रन’ मालिकेत काम, स्टँड-अप कॉमेडी, आणि २०१९ मध्ये स्वतःची ‘रामी’ ही मालिका. तिच्या एका भागात हल्ल्यानंतर शाळेतले दोस्तच छोट्या रामीकडे संशयाने पाहू लागतात. दुसरीकडे, वुजू करताना पायाच्या बोटांमध्ये पाणी गेले नाही म्हणून टोकणारे बुजुर्गही आहेत. ते तर आमच्या मोहल्ल्यातलेच वाटले.

पण खरे सांगायचे तर ही मालिका मुलाबाळांसह बसून पाहण्यासारखी नाही. तिचा नायक नमाज पढतो, हराम गोष्टींतही अडकतो, पस्तावतो आणि पुन्हा घसरतो. अनेक मुस्लिमांना ती खटकली. आमच्याही घरात वाद झाला. मुलाचे म्हणणे, “लोक याच्यावरून आपल्याला जोखणार.” मुलगी म्हणाली, “एकाने सगळ्यांचा चेहरा का व्हायचं? तो त्याच्याच घरची गोष्ट सांगतोय.”

दोघांचेही आम्हाला पटले. मालिकेतल्या त्या गोष्टींचे समर्थन आम्ही करणार नाही. पण हिंदी चित्रपटातला मुसलमानही बहुधा खलनायक असतो, नाहीतर फरिश्ता. चुकणारा, तरी मशिदीच्या दारात परत येणारा माणूस क्वचितच दिसतो. आणि असा माणूस रंगवणारा हा मुलगा भर समारंभात अल्लाहचे नाव मोठ्याने घेतो. स्वतःला दीनदार समजणारे आम्ही मात्र सलामही गिळून टाकतो.

परवा महिलांच्या डब्यात आपाचा फोन आला. धडधडत्या छातीने आम्ही पूर्ण ‘वअलैकुम अस्सलाम’ म्हटले, नेहमीच्या आवाजात. शेजारच्या काकू आमच्याकडे वळल्या.

“कुर्ला गेलं का हो?” त्यांनी विचारले.